एक लूम थांबला

निजामपुऱ्यात आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या खालीच लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना होता. ऑपरेटिंग सिस्टिम शिकवताना सर डोळे मिटून त्या खडखडाटाच्या लयीत बोलायचे.

"प्रोग्रामचा कोड म्हंजे लूमचं डिझाइन, एकच. सगळे बघून विणतात, पण त्याला हात कोणी लावायचा न्हाय. मेमरीत मात्र ज्याचा धागा त्याच्यापाशी. एक प्रोग्राम बंद पडला तरी शेजारचा चालू हाय."

फळ्यावर ते प्रत्येक प्रोग्रामभोवती कुंपणासारखा चौकोन काढायचे. ते चौकोन मला झोपेतही तरंगताना दिसत.

एका दुपारी खाली एक लूम थांबला. तो सरांच्या वडिलांचा होता. त्या दिवशी भंगारात जायचा होता. चौकोन काढता काढता सरांचा खडू थबकला.

"बाकीचे चालू हायेत," ते हळूच म्हणाले आणि शिकवत राहिले.

फळ्यावरचा तो चौकोन मात्र त्यांनी पुरा केलाच नाही.