लाभ, दोन, तीन

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी लपवत नाही, उलट कुणी विचारलं नाही तरी सांगते. गणितात एम.एस्सी. केलं आणि आता गावात बसून लोकांच्या पुस्तकांची पानं कॉम्प्युटरवर लावते. म्हणूनच कॉलेजात मला गणित शिकवणाऱ्या सरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, अड्याळला त्यांच्या घरी बोलावलं.

सर वारून वर्ष होत आलं होतं. मागे त्यांचं पुस्तक राहिलं होतं, मराठीतून गणित शिकणाऱ्या आमच्यासारख्या पोरांसाठी लिहिलेलं. वर्षश्राद्धाच्या आधी ते छापून कॉलेजात पोचावं, एवढंच काकूंना हवं होतं. नागपूरच्या छापखान्याने एक यादी मागितली होती: प्रत्येक समीकरणाचा क्रमांक, आणि पुस्तकात कुठून कुठून त्याच्याकडे बोट दाखवलंय ते.

काकूंची अट एकच. "त्यायचा एकही शब्द बदलवू नको, पोरी."

"नाही बदलवत," मी म्हटलं. सोपं काम होतं.

सर लाटेकमध्ये, म्हणजे गणित छापायच्या एका कॉम्प्युटर-प्रणालीत लिहायचे. त्यात समीकरणाला क्रमांक आपण देत नाही. आपण फक्त एक खुणेचं नाव देतो, "पाहा" म्हणायचं तिथेही तेच नाव लिहितो; क्रमांक मशीन देतं आणि बाजूच्या एका फाइलमध्ये, त्याच्या नोंदवहीतच म्हणा, लिहून ठेवतं. सर एकेक प्रकरण मशीनवर वेगळं चालवायचे. मी फोल्डरमधल्या नऊही फाइली पहिल्यांदा एकत्र जोडल्या आणि नोंदवहीतून यादी काढली.

भर दुपार होती. काकू अंगणात मिरच्या निवडत होत्या. यादी पडद्यावर आली आणि मी तशीच बसून राहिले.

पहिल्या प्रकरणात "समीकरण (9.1) पाहा". तिसऱ्यात "(9.1) पाहा". सातव्यात तर एकाच पानावर दोनदा. सरांनी स्वतः छापून ठेवलेले कागद शेजारी होते. त्यात त्याच जागी (1.1), (3.1), (7.1) असे सरळ आकडे होते. आता मात्र सगळं पुस्तक एकाच ठिकाणी बोट दाखवत होतं.

नववं प्रकरण कागदांत नव्हतंच. मी फाइल उघडली. वर मथळा. खाली समीकरणाची जागा, आत काहीच नाही, उजवीकडे फक्त (9.1). त्याखाली अर्धं वाक्य: "यावरून दिसते की"

पुढे कोरं.

मी काकूंना हाक मारली. त्या दारात येऊन म्हणाल्या, "तो धडा अर्धाच राहिला. म्हणत होते, पयलं समीकरणच सापडून नाही राहिलं. मंग गेलेच."

मी म्हटलं, नववं तात्पुरतं बाजूला ठेवू. वगळायची आज्ञा दिली, पुन्हा चालवलं. प्रकरण गेलं. पण पानापानांवर "(9.1) पाहा" तसंच. पुस्तकात नसलेल्या जागेकडे पुस्तक बोट दाखवून राहिलं होतं. मी शिकलेली बाई आहे, असल्या गोष्टींना घाबरत नाही. तरी सरांच्या खुर्चीतून उठले आणि स्टुलावर जाऊन बसले.

मग कारण शोधायचं म्हणून नोंदवही उघडली. प्रकरण वगळलं तरी त्याची जुनी नोंद मशीन वाचतंच, ते कळलं. पण आणखी एक दिसलं. प्रत्येक प्रकरणातल्या पहिल्या समीकरणाला सरांनी एकच नाव दिलं होतं. नऊदा. एकाच नावाचे नऊ जण असले की मशीन शेवटच्याला धरतं; प्रकरणं सुटी चालवणाऱ्या सरांना ते कधी दिसलं नसावं.

नाव होतं, लाभ.

कॉलेजात सर इतकं शुद्ध बोलायचे, की आम्हाला ते पुण्याकडचे वाटायचे. धान पिकवणाऱ्या घरचे आहेत असं कधी म्हणाले नाहीत. आणि इथं नऊदा लाभ! चुरणी, म्हणजे धानाची मळणी झाली की खळ्यावर धान मोजताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही. लाभ म्हणतात, मग दोन, तीन. लहानपणी मी एकदा "एक" म्हणून गेले, तर बाप ओरडला होता, "शाळेत जाते अन् मोजता येत नाही काहून वं तुले?"

मी काकूंना सांगितलं. त्यांनी मिरच्यांचे हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "घरी आले की खळ्यावरचंच बोलत."

"काकू, पुस्तक बरोबर करायचं तर हा शब्द बदलवावा लागते. नाहीतर पोरं हसतीन सरांले."

"छापात दिसते का तो?"

"नाही. आतच राहते."

"मंग माहीत कोणाले होते?"

"मले. अन् आता तुमाले."

त्या जरा हसल्या. "आठ ठिकाणी बदलव. नवव्या ठिकाणी राहू दे. अन् तो धडा काढू नको."

आठांना मी लाभ-एक, लाभ-दोन अशी नावं दिली, त्यांच्याकडे बोट दाखवणाऱ्या जागीही तीच लिहिली. जुनी नोंदवही पुसली आणि चालवलं. पहिल्या फेरीत सगळ्या पुस्तकभर आकड्यांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आली. तसं होतंच, मला माहीत होतं. दुसऱ्या फेरीत आकडे परतले, सरांच्या कागदांशी जुळणारे.

यादी आणि पुस्तकाची पानं पाठवली. दुसऱ्या दिवशी छापखान्याचा फोन. "मॅडम, नऊ पॉइंट एकमध्ये काहीच नाही. काढून टाकू?"

"नाही. तसंच छापा."

"लोक चूक म्हणतील."

"म्हणू द्या."

पुस्तक वेळेवर आलं. पहिली प्रत मी स्वतः काकूंना नेऊन दिली. त्यांनी शेवटून उघडली. (9.1) च्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि खळ्यावर ऐकू यावं तशा आवाजात म्हणाल्या, "लाभ."

मग दाराकडे बघत थांबल्या, जणू पुढचं माप कुणी ओतणार होतं. मीही तिकडे पाहिलं.