रंभाची बावीस लिंबं

कारेगावपासून कोसभर आत, माळावर, रंभा अडीच एकर गायरान कसत होती. सातबाऱ्यावर नाव सरकारचं. सासऱ्यांनी दगड वेचून ती जमीन धरली होती आणि बांधावर कडुलिंबाची बावीस झाडं, बावीस लिंबं, लावली होती. बौद्धवाड्यातून घागरी वाहून ती जगवली मात्र रंभानं. नवरा बन्सी वारल्यावर तिथल्याच मटकी-बाजरीवर तिनं विनोदला वाढवलं.

२००६ च्या पावसाळ्यात सरपंच हौसराव एका कारखान्याच्या साहेबाला घेऊन माळावर आले. साहेबानं समजावलं, धुरानं पृथ्वी तापत चाललीय, झाडं तो धूर पोटात घेतात, म्हणून कंपनी इथं जंगल उभं करणार.

"करा की," रंभा म्हणाली. "गायरान चाळीस एकर हाय. त्यातल्या वीस एकरांत ह्या सरपंच आबांच्या भावकीचा ऊस हाय. तिथनं सुरू करा."

हौसरावांचा आवाज कडक झाला. "रंभे, तुझं पोरगं ह्यांच्याच कंपनीत कंत्राटावर हाय न्हवं? तोंड सांभाळ."

चौथ्या दिवशी जेसीबी आला. पोटरीत आलेल्या बाजरीत खड्डे पडू लागले. रंभा आडवी झाली, तशी दोन महिला पोलिसांनी तिला उचलून जीपमध्ये घातलं. दिवस मावळताना सोडलं, तोवर रोपं लावून, फोटो काढून सगळे गेले होते.

"आई, दे सोडून," विनोद खाली मान घालून म्हणाला. "माझा गेटपास जाईल."

"तुझ्या आज्यानं गेटपास काढून दगड येचले न्हवते."

पुढं रोपांना पाणी घालायला कंपनीचं कुणी फिरकलं नाही. रंभा घागर घेऊन त्यांच्या शेजारून जायची आणि थांबायची नाही. आजवर तिनं एकही रोप मरू दिलं नव्हतं. एवढा कडूपणा ह्या माणसांनी आपल्यात घातला, ह्याचाच तिला जास्त राग यायचा. मार्चपर्यंत रोपांच्या काड्या झाल्या.

दोन वर्षांनी जंगल तपासायला परदेशी पाहुणे यायचे ठरले. त्या सकाळी रंभा माळावर गेली, तर तिच्या लिंबांवर नंबराचे पत्रे ठोकलेले आणि बांधावर कंपनीचा बोर्ड. ती पक्कड घेऊन खिळे उपसू लागली. सहावा पत्रा निघत होता, तेवढ्यात गाड्या आल्या. साहेब लिंबांकडं हात करून इंग्रजीत बोलू लागला.

पाहुण्यांबरोबर पुण्याची दुभाषी होती, सायली. रंभानं तिलाच गाठलं. "काय सांगत्यात गं हे?"

"मावशी, ही झाडं कंपनीनं दोन वर्षांपूर्वी लावली, असं म्हणतायत."

रंभानं एका बुंध्याला मिठी मारली. हाताला हात लागेना. "हे दोन वर्साचं? त्यास्नी सांग, माझं सासरं लावून गेलं ही. ह्यांची झाडं म्हंजी त्या वाळल्या काड्या. आन् त्यापायी माझी उभी बाजरी मेली, ते बी सांग."

सायलीनं साहेबाकडं पाहिलं. त्यानं डोळे वटारले. तिनं तरी शब्दन् शब्द सांगितला. एका म्हाताऱ्या पाहुण्यानं स्वतः बुंध्याला मिठी घालून पाहिली, वही मिटली आणि तो गाडीत जाऊन बसला.

कंपनीचा बोर्ड आठवड्यात निघाला. विनोदचा गेटपासही गेला. तो दौंडला रेल्वेच्या ठेकेदाराकडं लागला आणि सहा महिने आईशी बोलला नाही. गावातल्या गिरणीत तिचं दळण घेईनात. तहसील कचेरीतून अतिक्रमणाची नोटीस आली, तीही एकट्या तिलाच. मग एके दिवशी तीन लिंबांची साल बुंध्याभोवती सोललेली दिसली.

सालीचा भारा घेऊन ती ग्रामसभेत गेली आणि हौसरावांच्या टेबलावर तो टाकला.

"कुऱ्हाड कुणाची, मला ठावं हाय. अजून एकोणीस उभी हायती. हिंमत असंल तर माझ्या देखत या."

हौसरावांनी साल हातानं खाली लोटली. "पुढचा विषय घ्या," ते ग्रामसेवकाला म्हणाले.

सभा संपेपर्यंत रंभा तिथंच, त्यांच्यासमोर उभी राहिली.

ती तीन झाडं वाळली. नोटिशीचा निकाल काही लागला नाही. तारीख असली की ती एसटीनं शिरूरला जाते, कचेरीच्या बाकावर हौसरावांच्या माणसांसमोर बसते आणि नजर खाली घेत नाही.