उतरंडीतल्या कडक भाकऱ्या

आमच्या घरात कुणी गप्प गप्प राहायला लागलं, की दुसरा हमखास विचारतो, "काय, भाकऱ्या वाळवल्यास का?" आता माझे भाचेही तेच विचारतात. हे बोलणं आलं कुठून, असं म्हटलं की धाकटा भाचा सांगतो, आपला कुणी पूर्वज फौजेतून पळून आला होता, तेव्हापासूनचं आहे. हे त्याला कुणी सांगितलं ते मात्र सांगत नाही. मला त्याचा संशय आहे. मला तसा सगळ्यांचाच येतो. पण इथे माझी बाजू भक्कम आहे, कारण ते वाक्य या घरात पहिल्यांदा मीच बोलले.

मी रांगत होते तेव्हाच आई गेली. मला वाढवलं आत्यानं, म्हणजे अप्पांच्या थोरल्या बहिणीनं. ती नवरा वारल्यावर मंद्रूपकडच्या सासरहून आमच्याकडे आली होती. सोलापुरात अप्पांचं भुसार मालाचं दुकान होतं आणि दुकानामागेच घर. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी चालायचं. मोठ्यांना माझ्यापासून काही लपवायचं असलं की ते मराठीतून कानडीत शिरायचे. मला दोन्ही येतात हे त्यांच्या ध्यानातच राहायचं नाही.

त्या वर्षी संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा संपली आणि घरात कानडी फार वाढलं. अक्कलकोटकडचे कुणी पाहुणे दोनदा येऊन गेले. अप्पांचं दुसरं लग्न ठरत होतं, एवढं मला कळलं. नवी आई येणार याची मला भीती नव्हती. माझं लक्ष आत्याकडे होतं, कारण पाहुणे येऊन गेले की ती चुलीपुढे उगाच बसून राहायची आणि आमटीला कधी नव्हे ते मीठ कमी पडायचं.

एकदा मी गूळ शोधायला उतरंडीला हात घातला. वरची मडकी उतरवून तळाच्या मोठ्या मडक्यात पाहिलं, तर गूळ नव्हता. धोतराच्या फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या होत्या. तीळ लावून पातळ थापलेल्या, चुलीच्या धगीवर वाळवून पापडासारख्या केलेल्या कडक भाकऱ्या. सोबत शेंगाच्या चटणीची पुरचुंडी आणि खाली आत्याचं घडी केलेलं लुगडं.

अशा भाकऱ्या आमच्याकडे लांबच्या वाटेसाठी व्हायच्या, कारण त्या महिनाभर टिकतात. अप्पा माल आणायला गाडीनं जायचे तेव्हा आत्या त्या बांधून द्यायची. पण अप्पा तर कुठे जाणार नव्हते. मी मडकी होती तशी रचून ठेवली आणि मनाशी पक्कं केलं की आत्या मला टाकून जाणार.

मग मला कुणाचाच भरवसा वाटेना. गाडीवान दाराशी पाणी प्यायला थांबला तरी तो तिला न्यायला आलाय असं वाटायचं. शेजारीण तिच्याशी हळू बोलली की मी मध्ये जाऊन बसायची. झोपताना तिच्या पदराला माझ्या परकराची गाठ मारायची. तिला ते कळत होतं. पण ती गाठ सोडायची नाही आणि काही विचारायचीही नाही. त्याचाही मला संशय यायचा. मनात काही नसतं तर तिनं मला रागावायला नको होतं का?

शेवटी एकदा अप्पा जेवायला बसले असताना मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आत्या, भाकऱ्या कुणासाठी वाळवल्यास?"

अप्पांचा हात ताटातच राहिला. आत्या म्हणाली, "कंच्या भाकऱ्या?"

"तळाच्या मडक्यातल्या."

अप्पा उष्ट्या हातानं उठले. डाव्या हातानं एकेक मडकं उतरवून त्यांनी ते गाठोडं जमिनीवर ठेवलं. लुगडं पाहिल्यावर त्यांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "अक्का, कुटं निघालीस?"

"निघाले न्हाय."

"मग हे काय हाय?"

आत्या चुलीकडेच बघत होती. "तू निघ म्हनलास तर असावं म्हून. नवी मानसं येनार घरात."

"मी कशाला म्हनीन तसं?"

"सासरी बी आदल्या दिवसापातूर कुनी निघ म्हनलं न्हवतं. तितनं निघाले तवा वाटंला घास न्हवता."

 अप्पांनी एक भाकरी मोडून स्वतःच्या आमटीत कुस्करली, दुसरी माझ्या ताटात टाकली आणि आम्ही दोघांनी खाल्ली. त्या रात्री मी पदराला गाठ मारली नाही. नवी आई आली, चांगली निघाली. माझे दोघे भाऊ आत्याच्याच मांडीवर वाढले. आत्या जरा गप्प दिसली की अप्पा मुद्दाम विचारायचे, "अक्का, भाकऱ्या वाळवल्यास का?" आणि ती हसायची. असं ते बोलणं घरात रुळलं. फौज नाही आणि पळापळही नाही.

आत्या गेली तेव्हा माझं लग्न झालेलं होतं. मी माहेरी आले आणि दिवस सरल्यावर तिचं सामान आवरायला बसले. नवी आई म्हणाली, "उतरंड तूच काढ, मला त्या कधी हात लावू देत नव्हत्या."

तळाच्या मडक्यात फडकं होतं. आत भाकऱ्या. मी एक मोडून पाहिली, कडकन मोडली. तिळाला खवट वास नव्हता. आजारी पडायच्या आधी आठवडाभरातच केलेल्या असाव्यात.

मग मला दर अमावास्येचं जेवण आठवलं. त्या दिवशी आत्या न चुकता कडक भाकरीचा चुरा आमटीत घालून वाढायची. आम्ही भावंडं त्यावर तुटून पडायचो, भांडायचो, आणि आत्या आपले लाड करते असं समजायचो. ती जुन्या भाकऱ्या संपवत होती, मडक्यात नव्या ठेवता याव्यात म्हणून.

त्या भाकऱ्या मी अप्पांना दाखवल्या नाहीत. ते बाहेर ओसरीवर माझ्या भावाला काहीतरी चिडवत होते, आणि तेच वाक्य म्हणून हसत होते.