आधी आडनाव, मग लाइन

मॅनेजरसाहेबांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात मी उभी होते. चपला काढलेल्या. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. आत सतरंजीवर बायका बसल्या होत्या. साहेबांच्या पत्नी कुंकवाचा करंडा घेऊन पुढे आल्या. त्यांना सगळे वहिनी म्हणत.

"कोण गं तू?"

"टेलिफोन एक्स्चेंजमधली."

"अगबाई! तो गोड आवाज तुझा? ये, ये ना. आडनाव काय तुझं?"

मी सांगितलं.

त्यांचं बोट कुंकवात होतं. ते तसंच राहिलं. मग त्यांनी ते करंड्याच्या काठाला पुसलं.

"तुला फक्त फोन करायला सांगितलं होतं ना गं?" आवाज मऊच. "थांब तिथंच. वाण देते तुला."

फोन मीच केले होते, हे खरं. मॅंगनीजच्या कंपनीचं बालाघाटचं ऑफिस, तिथं मी बोर्डवर बसते. बंगल्यांच्या लाइनी, खाणींच्या लाइनी, सगळ्या माझ्या हातातून जातात. संक्रांतीआधी वहिनींनी फोनवर सांगितलं होतं, "हळदीकुंकवाला जुन्या-नव्या, दोन्हीकडच्या बायका एकत्र आल्या पाहिजेत. सगळ्यांना बोलाव. कुणी राहायला नको." मी एकेका बंगल्यात फोन लावला. उकव्याच्या खाणीवरही लावला. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांना निरोप धाडले. सगळ्यांना बोलावणारी मी. त्या सगळ्यांत मी नसेन, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आमची कंपनी आधी विलायती होती. मग देशी कंपनीनं ती विकत घेतली. फाटकावरची पाटी बदलली. लॉऱ्यांवर नवं नाव आलं, पण पातळ रंगाखालून जुनं दिसतच राहिलं. नवे अधिकारी आले, त्यांच्याबरोबर त्यांचे कारकून आले. जुने एका टेबलावर जेवत, नवे दुसऱ्या. "तुमच्याकडे असंच चालायचं का?" हे नव्यांचं. "आमच्या वेळी असं नव्हतं," हे जुन्यांचं. भिंतीवर मात्र मोठ्या अक्षरांत लावलेलं: आपण सारे एक कुटुंब.

मी जुन्यांतली. निदान मला तसं वाटायचं. टायपिस्ट लीलाताई मला म्हणाल्या होत्या, "तू ये गं. आपण जुन्या कंपनीच्या एकत्र बसू. त्या नव्या बायका फार शिष्ट आहेत." म्हणूनही मी गेले. माझी एकुलती एक बरी साडी नेसून.

उंबऱ्यातून मी लीलाताईंकडे पाहिलं. त्यांनी मांडीवरच्या तिळगुळाकडे पाहिलं. त्यांच्या शेजारच्या नव्या बाईनंही मान खाली घातली. पलीकडचीनंही. कित्येक महिने एकमेकींशी धड न बोललेल्या बायका. सगळ्यांच्या माना एकदम खाली.

त्या दुपारी दोन्ही कंपन्या खरोखर एक झाल्या.

वहिनींनी स्टीलची वाटी आणली. कंपनीचं नवं नाव कोरलेली. माझे हात पुढे होते. वहिनींनी ती वरून सोडली. माझ्या बांगड्यांवर वाजली.

फाटकावरचा चौकीदार म्हणाला, "इतनी जल्दी, मैडम? अभी तो सब अंदर हैं."

घरी मायनं वाटी पाहिली, माझं कपाळ पाहिलं.

"काहून गेलती वं तिथं?"

"सगळ्या गेल्या होत्या."

"तुह्या बापानं धम्माची दीक्षा घेतली, त्या दिवशीच मी कुंकू पुसलं. अन् तू ते मांगाले गेलती?"

मी कुंकवासाठी गेले नव्हते. कशासाठी गेले होते ते मायला सांगता आलं नाही. मिशनच्या बोर्डिंगात शिकले, इंग्रजीत. मोहल्ल्यातल्या पोरी मला पाहून म्हणतात, "आली पाहा मेमसाब." ऑफिसात मी कुणाशी बोलत नाही. बोर्डच्या खोलीत कुणी मला पाहत नाही, म्हणून ती मला आवडते. एकदा, फक्त एकदा, चार बायकांत बसावंसं वाटलं होतं.

रात्रभर जुन्या विलायती साहेबांचा विचार केला. ते मला "एक्स्चेंज" म्हणायचे. आडनाव कधीच विचारलं नाही. मला तो मान वाटायचा. मान कसला? त्यांना गरजच नव्हती. त्यांनी विचारलं नाही. वहिनींनी विचारलं आणि बोट पुसून घेतलं. दोघांनाही फक्त आवाज हवा होता.

सकाळी बोर्डवर वहिनींच्या लाइनचा दिवा पेटला.

"अगं, कालचं मनाला लावून घेऊ नकोस. बायकांत असतं असं. जरा सगळ्यांना फोन करून माझ्या वतीनं आभार मान ना."

"नाही," मी म्हणाले.

"काय?"

"मी करणार नाही. लाइन जोडून देते. तुम्ही बोला."

प्लग दोनदा चुकला. मग हेड ऑफिसचा फोन आला. नियम असा, की उचलल्यावर कंपनीचं नवं नाव सांगायचं, बस. मी कंपनीचं नाव घेतलं नाही. माझं नाव सांगितलं. आडनावासकट.

"कौन?" पलीकडून.

मी पुन्हा सांगितलं. आडनाव जरा सावकाश.

दुपारी साहेबांनी बोलावलं. "फोनवर कंपनीचं नाव सांगायचं असतं. तुमचं नाही."

"कंपनीचंही सांगीन. आधी माझं."

"बदली करीन. उकव्याला पाठवीन."

माझे बाबा उकव्याच्याच खाणीत झिजले. आता घर माझ्या पगारावर चालतं. साहेबांना हे माहीत आहे. म्हणूनच ते हळू बोलले.

ती वाटी मी त्यांच्या टेबलावर ठेवली. हातातून सोडली नाही. टेकवून ठेवली.

बदली अजून झालेली नाही. रोज फोन उचलते, रोज सांगते. लीलाताई आता माझ्या खोलीवरून जाताना भराभर पावलं उचलतात. डबा मी बोर्डपाशीच खाते, एकटी.

करा बदली. उकव्यालाही फोन आहे. तिथंही कुणाला लाइन हवी असेल, तर आधी माझं आडनाव ऐकावं लागेल.