साडूपेक्षा पाच इंच मोठा

माझ्या साडूंनी सत्तावीस इंची मॉनिटर घेतला त्या दिवशी मला काहीही झालं नाही. ताप दुसऱ्या दिवशी आला.

साडू म्हणजे विलासराव, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, शैलाताईंचे यजमान. राहायला वलवणला. पर्यटकांना बंगले भाड्याने देण्याचं काम करतात. म्हणजे अमुक बंगला शनिवारी रिकामा आहे की नाही, एवढंच त्यांना बघायचं असतं. हे काम भिंतीवरच्या कॅलेंडरवरसुद्धा होतं! पण आम्ही त्यांच्याकडे गेलो तर टेबलावर हा भला मोठा पडदा, त्यावर रंगीबेरंगी चौकोन आणि समोर फिरत्या खुर्चीत गोल गोल फिरणारे विलासराव.

"डोळ्यांना फार आराम पडतो हो," ते म्हणाले.

मी तळेगावच्या एका कारखान्यात मालाचा हिशोब ठेवतो. आठवड्यातले काही दिवस कामशेतच्या घरी बसून, चौदा इंची लॅपटॉपवर डोळे फोडत. आराम खरा कोणाला हवा होता, तुम्हीच सांगा!

"आपणही घेऊ या," घरी येताना मी कल्पनाला, म्हणजे बायकोला, म्हटलं.

"लॅपटॉपला काय झालं?"

"डोळे दुखतात."

"कधीपासून?"

"वलवणपासून," मी म्हणालो. (खरं बोलण्याची ही माझी शेवटची वेळ.)

मग मी शोधाला लागलो. चांगल्यातला सत्तावीस इंची परवडत नव्हता. आणि सत्तावीस घेऊन करायचं काय? बरोबरी? एका ऑनलाइन सेलमध्ये, कधी नाव न ऐकलेल्या कंपनीचा बत्तीस इंची मॉनिटर चक्क स्वस्तात मिळत होता. बत्तीस! साडूपेक्षा पाच इंच मोठा! बाकीची माहिती मी वाचलीच नाही. पाच इंचांनंतर वाचण्यासारखं उरतंच काय?

खोकं आलं तेव्हा दारातून आडवं जाईना, उभं करून आत घ्यावं लागलं. माझी छाती फुगली. मग कळलं की मॉनिटरचे दोन पाय दोन टोकांना आहेत आणि माझं टेबल त्या दोघांच्या मधल्या जागेएवढंच आहे. एक पाय ठेवला की दुसरा हवेत! शेवटी शेजाऱ्यांकडून लाकडाची फळी आणली, ती टेबलावर आडवी टाकली आणि तिच्यावर मॉनिटर विराजमान केला. फळी दोन्हीकडून विमानाच्या पंखांसारखी बाहेर आली होती.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लांबून पाहिलं. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं. चष्मा लावूनही त्यांना जेमतेम दिसायचं.

"टीव्ही आणलास व्हय रं?"

"टीव्ही न्हाई आबा, मॉनिटर."

"आवाज कुटनं येतो त्येचा?"

"ह्याला आवाज नसतो."

"आँ? मंग ह्यो मुका टीव्ही कशापायी आणला?"

ह्याला आवाज नसतो हे मला स्वतःलाच आत्ता कळलं होतं.

तरी पहिले दोन दिवस मजा आली, खोटं कशाला बोलू! हिशोबाचा अख्खा तक्ता, डावीकडून उजवीकडे, न सरकवता दिसायचा. दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या तरी जागा उरायची. तिसऱ्या दिवशी मान धरली. टेबल छोटं, त्यामुळे पडदा नाकाशी. डावीकडचा आकडा वाचून उजवीकडचा वाचायला अख्खी मान फिरवावी लागे. खुर्ची मागे घेतली तर हात कीबोर्डला पुरेनात. जवळून अक्षरांच्या कडा चार दिवस दाढी न केल्यासारख्या खरखरीत दिसायच्या. बाजूने पाहिलं तर रंगच बदलायचे, सगळी माणसं निळसर पडायची. आणि ऑफिसची मीटिंग सुरू झाली की साहेबांचं डोकं आमच्या घरात लाल भोपळ्याएवढं! कल्पना चहा घेऊन आली की दचकून पदर सारखा करायची. मॉनिटरला कॅमेरा नव्हता, तो बाजूच्या लॅपटॉपला. त्यामुळे मला साहेबांच्या नाकावरचा तीळ दिसायचा आणि साहेबांना माझा फक्त कान.

"दत्ता, तू रागावला आहेस का?" त्यांनी एकदा विचारलं. "समोर बघत नाहीस."

पण हे सगळं मी सहन करत होतो एकाच आशेवर. विलासरावांनी तो बघायचा होता!

रविवारी त्यांना जेवायला बोलावलं. कल्पनाला सांगितलं की बऱ्याच दिवसांत ताई आल्या नाहीत. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि मटण आणायला सांगितलं. सकाळपासून मी पडदा चार वेळा पुसला. पवना धरणाचा एक झकास फोटो लावून ठेवला.

विलासराव आले. पाणी प्यायले. मॉनिटरसमोर उभे राहिले. मी श्वास रोखला.

"मोठा आहे," ते म्हणाले.

"बत्तीस," मी सहज आवाजात म्हणालो. (हा सहज आवाज मी आंघोळ करताना घटवला होता.)

ते वाकले, अगदी जवळून पाहिलं आणि म्हणाले, "दत्ताजी, पडद्यावरचे ठिपके लहान मॉनिटरइतकेच आहेत. म्हणजे पिठाचा गोळा तेवढाच आहे. पोळी तेवढी मोठी लाटलीय. म्हणून मधेमधे विरविरीत दिसतंय बघा. आमच्याकडे गोळाच मोठा आहे."

एवढं अपमानास्पद वाक्य इतक्या गोड आवाजात मी कधी ऐकलं नव्हतं. शैलाताई हसल्या. कल्पनाही हसली! माझ्याच घरात!

आणि नेमक्या त्याच क्षणी पवना धरणाच्या कोपऱ्यात एक चौकट उगवली. माझा देहूरोडचा मित्र बाळू. लॅपटॉपवर व्हॉट्सॲप चालू राहिलं होतं. चौकटीत लिहिलं होतं, 'काय मग? पडलं का साडूचं तोंड?'

मी झडप घालून ती चौकट बंद करायला गेलो आणि घाईत तिच्यावरच टिचकी मारली. झालं! धरण गेलं आणि बाळूचं आणि माझं सगळं बोलणं बत्तीस इंचांत पसरलं. साडूंवर छाप पडावी म्हणून मी अक्षरं आधीच मोठी करून ठेवली होती.

कोपऱ्यातल्या पलंगावर आडवे झालेले आबा ताडकन उठून बसले.

"आरं! मला दिसतंय! चष्म्याबिगर दिसतंय!"

"आबा, तुम्ही पडा जरा..."

"गप रं! लय दिसानं वाचाय मिळालंय." आणि आबा शाळेत धडा वाचावा तसे खणखणीत आवाजात वाचायला लागले, "इ-ला-स-रावां-ना जेवाय बोलावलंय. जेवन नि-मि-त्त. त्यांच्या त्या काडेपेटीची त्यांना लाज वाटली पायजे..."

मी बंद करायचं बटण शोधायला मॉनिटरच्या मागे हात घातला. (स्वस्त मॉनिटरचं बटण कुठे असतं हे तो बनवणाऱ्यालाही सापडत नसावं.) एक खुंटी दाबली तर उजेड दुप्पट झाला. आबा म्हणाले, "हां, आता झ्याक!" मी वायर ओढली. ती चुकीची निघाली. फळी घसरली, मॉनिटर पुढे झुकला, शैलाताई किंचाळल्या आणि विलासरावांनी पुढे झेप घेऊन त्याला दोन्ही हातांनी मिठी मारली!

असे ते उभे होते. माझा मॉनिटर छातीशी धरून, गाल पडद्याला चिकटवून, आणि त्यांच्या कानाशेजारी माझ्याच शब्दांत लिहिलेलं, 'गोल गोल फिरणारा माणूस.'

"इलासराव, वाईच बाजूला व्हा की," आबा म्हणाले. "म्होरलं दिसना मला."

मग विलासराव गदगदा हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. हसत होते!

"धरा आधी हे धूड," ते म्हणाले. "आणि खरं सांगू का? आमच्या आईला हल्ली काही दिसत नाही. आबांना आत्ता वाचताना बघितलं आणि तीच आठवली. मला हेवा वाटला हो तुमचा!"

माझा हेवा! विलासरावांना! हे ऐकून मी इतका हवेत गेलो, की जेवताना त्यांनी "अदलाबदल करू या का?" म्हटल्यावर नळी चोखत चोखत हो म्हणून बसलो. आबांचं ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात होतं, त्यांचीही हरकत नव्हती.

सत्तावीस इंची माझ्या टेबलावर नीट बसला. फळी शेजाऱ्यांकडे गेली. अक्षरं कोरीव, मान मोकळी, साहेबांचं डोकं माणसाएवढं. महिनाभर मी अत्यंत सुखी होतो.

मग वलवणला जाणं झालं. त्यांनी बत्तीस इंची हॉलच्या भिंतीवर लावला होता. समोर लांब सोफा, सोफ्यावर त्यांच्या आई, चष्म्याशिवाय, नातवंडांचे फोटो बघत. तेवढ्या अंतरावरून एकही अक्षर खरखरीत दिसत नव्हतं. खाली त्यांनी निराळे स्पीकर जोडले होते. काय भव्य दिसत होता! आमच्याकडे होता तेव्हा तो इतका मोठा नव्हता, शपथेवर सांगतो!

त्या रात्री मला झोप आली नाही. कल्पना म्हणाली, "एकदा डोळे तपासून घ्या." गेलो. डॉक्टरांनी सगळी यंत्रं लावून बघितली.

"डोळे उत्तम आहेत. तुम्हाला नक्की त्रास काय होतो?"

"डॉक्टर, दुसऱ्याच्या घरातली वस्तू मोठी दिसते."

"कोणाच्या घरातली?"

"साडूंच्या."

डॉक्टरांनी हातातली बॅटरी खाली ठेवली आणि खिडकीबाहेर पाहिलं.

"ह्याला औषध नाही," ते म्हणाले. "माझ्या साडूचा लोणावळ्यात दवाखाना आहे. तीन मजली. वर लिफ्ट."

मी त्यांचं सांत्वन करायला हवं होतं. पण घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. लिफ्ट! ज्या माणसाला मी जन्मात पाहिलेलं नाही, त्या डॉक्टरांच्या साडूचाही मला हेवा वाटायला लागला होता.