जोडीदाराचं वाजवणं

ओतूरच्या एसटी स्टँडसमोर बॅगांच्या चेन दुरुस्त करणारा एक माणूस बसतो. गिऱ्हाईक नसलं की मांडीवर गिटार घेतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आणे गावाला जाणारी गाडी येईपर्यंत मी त्याच्या बाकड्यावर टेकतो, एवढीच ओळख.

त्याची एक सवय मला भारी खटकायची. रंगात आलेलं गाणं तो मध्येच थांबवायचा, तारांवर हात ठेवून नुसता पायानं ठेका धरायचा आणि मग पुन्हा वाजवू लागायचा.

एकदा विचारलं, "तुम्हाला कुणाची गिटार आवडते?"

"आमच्या ऑर्केस्ट्रात व्हता एक," तो म्हणाला. "लई कमी वाजवायचा. गाणारा दम घ्यायला थांबला, की तेवढ्यात दोनच सूर टाकायचा. अंगावर काटा यायचा. मागं कॉर्ड मी धरायचो."

"आता कुठं असतात?"

"न्हाई राव आता. गेला तो."

तो पुन्हा वाजवू लागला आणि नेहमीसारखा मध्येच थांबला. मी बोलायला तोंड उघडलं, तसं त्यानं बोट वर केलं.

"थांबा भाऊ. त्याचं होऊ द्या."

पायाचा ठेका चालू होता. माझी गाडी फलाटाला लागली. त्याच्या जोडीदाराचं वाजवून होईपर्यंत मी उठलो नाही.