थर पातळ झाला की काका तापतात

हवेवर चिडणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच असेल, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर राहतो. वरच्या मजल्यावरचे काका हवामानखात्यातून निवृत्त झाले. त्यांचा राग मात्र अजून नोकरीत आहे. जिन्यात कुणी "आज हवा छान आहे" म्हणालं, की काका दरडावतात, "कुठली हवा? किती उंचीपर्यंतची?" जमिनीपासून वर, दाब निम्मा होतो तिथपर्यंतची हवा, हा त्यांचा थर. हवा उबदार असली की तो फुगतो, गार झाली की बसतो. खात्याने रोज यंत्रं बांधून आकाशात सोडलेल्या फुग्यांवरून त्याची जाडी कळते. ती घटलेली दिसली, की काका धाडधाड खिडक्या लावतात आणि त्या आवाजावर आमची बिल्डिंग स्वेटर बाहेर काढते. ह्या संतापाचं मूळ म्हणजे गारठ्यात उसळणारा काकूंचा दमा.

गेल्या जानेवारीत सोसायटीचं स्नेहसंमेलन गच्चीवर ठरलं. काकू गाणार होत्या. काका मीटिंगमध्ये कडाडले, "थर बसतोय! उद्या गच्चीवर कुडकुडाल!"

"अहो काका, मोबाइल तर अठरा दाखवतोय," सेक्रेटरी म्हणाले.

"मग मोबाइललाच गायला बसवा!"

काकू शांतपणे म्हणाल्या, "मी गाणार आहे. तुम्ही तुमचा थर सांभाळा."

दुसऱ्या संध्याकाळी बोचरी थंडी पडली. काका दोन शाली, कानटोपी आणि वाफेचं यंत्र घेऊन, आम्हा सगळ्यांचा उद्धार करत पहिल्या रांगेत बसले. प्रत्येक कडव्यानंतर उठून काकूंवर काहीतरी पांघरायचे. शेवटी गाणं तेवढं ऐकू येत होतं, काकू दिसत नव्हत्या. टाळ्या सर्वांत जोरात काकांच्याच, त्याही रागारागाने.

या हिवाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं म्हणून काकू मुलीकडे चेन्नईला गेल्या. काका गेले नाहीत. "तिकडे थर हलतच नाही. मी तिथे बघू काय?" म्हणाले. आता रोज सकाळी चेन्नईचाच थर बघतात.

काल जिन्यात भेटले. "जाड आहे तिकडे. खोकला नाही म्हणाली. शांत झोपली."

"वा! बरं झालं की मग."

"बरं काय त्यात? मी आधीच सांगितलं होतं!" ते ओरडले आणि कितीतरी वेळ स्वतःच्याच कुलपाशी भांडत राहिले.

"काका, तुम्हीही जा की," हे वाक्य माझ्या ओठांवर येतं आणि मी ते गिळतो. ते गेले तर आमच्यावर इतक्या मायेने खेकसणार कोण, हा माझा स्वार्थ. तिकडे काकूंवर खेकसायला कुणी नाही, हे कळत असूनही.